खाली ठेवलेला चाकू

पाटावर चाळीस चाकू मांडून झाले, आणि पहिली जागा रिकामीच राहिली.

नंदाने ती पाहिली, पण विचारलं नाही. ठोंबऱ्यांच्या घरात बावीस वर्षं सून म्हणून काढल्यावर तिला एवढं कळत होतं, की इथे भरलेल्या जागांपेक्षा रिकाम्या जागांवरून जास्त भांडणं होतात.

खंडेनवमीचा दिवस होता. गावातल्या बाकीच्या घरांत आज कोयता, विळा, पहार पाटावर येतात. ज्यांची शेतं प्लॉटवाल्यांनी गिळली त्यांच्याकडे पान्यांची पेटी येते, नाहीतर पोराचा लॅपटॉप. ठोंबऱ्यांकडे चाकू येतात. सगळे घडीचे, पातं मिटून मुठीत जाणारे, खिशात मावणारे. सासरे आबाजी रसायनीच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होते. बरोबरीच्या लोकांनी दारू, पत्ते, राजकारण असले शौक केले. यांनी हा एक केला. लग्न ठरलं तेव्हा नंदाच्या आईने विचारलं होतं, सासरा काय करतो? नंदा म्हणाली होती, चाकू जमवतो. आईने पोरीला परत एकदा नीट विचार करायला सांगितलं होतं.

"हळद संपली काय गं?" आबाजींनी ओट्यावरून विचारलं.

"चाळीस चाकूंना चाळीस बोटं हळद, आबा. मला लग्नात एवढी लागली नव्हती."

आबाजी हसले. भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि मांडीवरही थरथरत होता. दोन वर्षं झाली या थरथरीला. पात्यावर नखासाठी बारीक खाच असते, तिच्यात अंगठ्याचं नख घालून पातं ओढायचं. आबाजींच्या नखाला ती खाच आता सापडत नव्हती. म्हणून यंदा एकेक चाकू उघडत होती नात, आरोही.

"घाई नको. नख खाचेत. आता वढ. हां! आवाज ऐकलास?"

"टक झालं."

"टक नाय, टप्प. सांबरशिंगाची मूठ हाय ती. लाकडाचा टक, पितळेचा टिंग, शिंगाचा टप्प. मी डोळं झाकून सांगायचो कुठला उघडला ते."

"हा कुणाचा, आबा?"

आरोहीला माहीत होतं. पण दर वर्षी विचारायचं आणि दर वर्षी त्यांनी सांगायचं, हीच या घरातली खरी पूजा होती. हळदकुंकू वरवरचं.

"कुंभिवलीच्या ढाब्यावर एक सरदारजी ड्रायव्हर भेटला. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा मोडलेला. भर दुपारी मी त्याच्या ट्रकखाली उताणा पडून पाटा बसवून दिला. तो बाबा मला मिठीच मारायला लागला. मी म्हणालो, मिठी नको, तुझा चाकू बघू. त्यानं दिला न् मी माझा त्याला दिला. माझा चाकू आता पंजाबात ऊस सोलत असंल."

नियम तोच होता. चाकू विकत घ्यायचा नाही. आपला द्यायचा, समोरच्याचा घ्यायचा, नाहीतर कुणी प्रेमाने दिला तर घ्यायचा. त्यामुळे पाटावर चाळीस चाकू नव्हते, चाळीस माणसं होती. पांढऱ्या मुठीचा, कलम तासायचा चाकू एका पारशी साहेबाचा. मुठीत आरसा बसवलेला चाकू मोहोपाड्याच्या न्हाव्याचा. जत्रेतला माशाच्या आकाराचा पितळी चाकू. शेपटी ओढली की पोटातून पातं बाहेर. आणि आंब्याची कलमं बांधणारा कर्जतचा एक माळी, त्याचा टोकाला हाडाची पट्टी असलेला चाकू. त्याच्या पात्यावर आंब्याच्या चिकाचा काळा डाग होता. नंदाने एकदा तो डाग चिंचेने घासायला घेतला, तेव्हा आबाजी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले होते. "त्या डागात दोनशे झाडं हायत!"

नंदाने पितळी मासा पुसून आरोहीच्या हातात दिला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून सासूचा, जनाबाईंचा आवाज आला.

"हातात नको देऊ गं! खाली ठेव. तिला उचलू दे. मीठ, मिरची न् सुरी हातात दिली की भांडान लागतं."

"बावीस वर्षं खालीच ठेवतेय, आई. भांडणं काही कमी झाली नाहीत."

"कमीच झालीत. जास्त झाली असती."

आरोही खिदळली. पण आबाजी हसले नाहीत, हे नंदाने पाहिलं. सासऱ्यांनी थरथरता हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता आणि ते अंगणाकडे बघत होते. अंगणात आता पेव्हर ब्लॉक आहेत. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

अकराच्या सुमारास कमळाकर आला. आबाजींचा मोठा मुलगा, नंदाचा नवरा, अठ्ठेचाळीस वर्षांचा, पण बापासाठी अजून कमळ्याच. प्लॉट दाखवण्याचं काम करतो. बुलेट फाटकात लावून येताना त्याच्या हातात एक जाड, चकचकीत कार्ड होतं.

"आबा, शेठ चार वाजता येतोय. जागा फायनल झाली. रिसेप्शनच्या मागची अख्खी भिंत! काचेच्या पेटीत एक्केचाळीस चाकू, वर लाईट, न् खाली पितळी पाटी. 'आबाजी ठोंबरे यांचा संग्रह.'"

शेठ म्हणजे कर्जतजवळ नदीकाठी ज्याचं रिसॉर्ट आहे तो. या रिसॉर्टांबद्दल मागे लिहिलं आहे, पुन्हा लिहितो, कारण राग जात नाही. भाताच्या खाचरात पोहायचा तलाव. भिंतीवर नांगर टांगलेला. आणि तो नांगर ज्याच्या बापाचा, तो पोरगा टाय लावून फाटक उघडायला. आता त्यांना चाकू हवे होते.

पण कमळाकरला वाईट म्हणता येणार नाही. त्याला खरंच वाटत होतं, की बापाचं नाव भिंतीवर लागावं. बापाचा हात हलतो, उद्या बाप नसेल, मग हे चाकू कुणी पुसायचे? गंजून जातील. त्यापेक्षा काचेत बरे. असा त्याचा हिशेब होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

"एक्केचाळीस?" ओट्याच्या पायरीवरून आवाज आला. धाकटी बहीण संध्या सासरहून, कर्जतहून, आत्ताच रिक्षाने उतरली होती. हातात झेंडूची पिशवी, तोंडावर घाम. "माझा मासा पण भिंतीवर? कोणाला विचारून?"

"तुझा कधी झाला तो?"

"मी त्याने कैऱ्या कापल्यात, दादा. शाळेच्या दप्तरात असायचा. मीठ-तिखट लावून अख्ख्या वर्गाला खायला घातल्यात. आबांनी मला दिला होता."

"दिला होता तर घरी का नाही नेलास?"

"सासरी चाकू घेऊन जाणारी सून कोण ठेवून घेईल?"

"माझ्या आईला विचार," नंदा पुटपुटली.

कमळाकरचं लक्ष पाटाकडे गेलं. त्याने बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं.

"पहिला कुठाय? शिसवी मुठीचा?"

आरोहीने हातातला मासा पाटावर ठेवला.

"पप्पा, मी नेला. पंधरा दिवसांपूर्वी. आबांनी सांगितलं म्हणून. तो मिटत नव्हता, स्प्रिंग गेली होती."

"कुठं नेलास? खोपोलीला?"

"कुंभिवलीला. ज्यांनी बनवला त्यांच्याकडे. रामभाऊ आजोबांकडे."

जनाबाईंनी झाऱ्यातला वडा परत कढईत सोडला आणि गॅस बंद केला.

भावाबहिणीचं भांडण तिथेच मिटलं. माणसांचं असं असतं. माशावरून एकमेकांच्या उरावर बसणारी दोघं, बाहेरच्या माणसाचं नाव येताच एका बाजूला उभी राहिली.

"म्हणजे मेन पीसच गेला?" कमळाकर म्हणाला. "शेठला सगळ्यात तोच आवडला होता!"

"आबा, आता तो कशाला परत देतोय?" संध्या म्हणाली. "एवढ्या वर्षांत एकदा तरी आला का आपल्याकडे? दुःखाला आला का? आजी गेली तेव्हासुद्धा आला नाही."

"तो देणार हाय," आबाजी म्हणाले. "आज आणून देणार हाय. स्वतः."

"इथं?"

"हितं."

जनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की नंदाला वाटलं, आपण इथून उठावं. पण ती उठली नाही. सून झाली म्हणून काय, तिलाही ऐकायचं होतं.

"येऊ दे मग," कमळाकर जरा नरमला. "उलट बरं. शेठबरोबर फोटो होईल. हे बघा, कार्ड पण छापून आलंय. आरोही, वाच मोठ्याने."

आरोहीने वाचलं. "'दोन मित्रांचा चाकू. एका कारखान्यातील दोन कामगार, एक डबा, एक लॉकर आणि अतूट मैत्री. रामभाऊंनी मशीनच्या मोडक्या करवतीपासून हे पाते घडवले आणि साहेबांच्या तुटक्या खुर्चीच्या शिसवी लाकडाची मूठ केली. खंडेनवमीच्या शुभदिनी त्यांनी हा चाकू मोठ्या प्रेमाने आपल्या मित्राच्या हाती सोपवला...'"

"हाती नाय," जनाबाई म्हणाल्या.

"काय, आजी?"

"हाती नाय सोपवला. खोटं हाय ते. मी हितंच उभी होते. ह्याच दारात."

"जने," आबाजी म्हणाले.

"काय जने? बेचाळीस वर्सं तुमी पोरांना गोष्ट सांगताय. करवत सांगताय, खुर्ची सांगताय, अठ्ठावीस नंबरचा लॉकर सांगताय. अंगणापाशी आलं की तुमाला खोकला येतो. आता तर ते छापून आलं. सांगा की आता. त्याच्या आदी सांगा. तो यायच्या आदी."

ओट्यावरचे चाळीस चाकू उघडे होते, आणि दुपारचं ऊन पात्यांवरून छतावर पडून तिथे छोटे छोटे कवडसे हलत होते.

बेचाळीस वर्षांपूर्वीचं वर्कशॉप त्यांना दिसत होतं. तेलाचा वास. दोघांची बाकडी शेजारी शेजारी. रामभाऊ जीभ दातांत धरून कानस चालवायचा. असा हात त्यांनी पुन्हा पाहिला नाही. दुपारी कांदा फोडायला घरून आणलेली सुरी बोथट, म्हणून रामभाऊ म्हणाला, थांब, तुला एक चाकू करून देतो. तीन महिने जेवणाच्या सुट्टीत तो चाकू केला. जनाची भाकरी रामभाऊने खाल्ली, त्याच्या घरचं सुकटीचं कालवण आबाजींनी. कारखान्यात एकच डबा. संध्याकाळी गावात आलं, की रामभाऊ रस्त्यापलीकडे त्याच्या बौद्धवाडीत जायचा आणि आबाजी इकडे. मधे रस्ता आठ फुटांचा. ते कुणाला विचित्र वाटत नव्हतं, यातच सगळं आलं.

"त्या दिवशी कारखान्यात मशीनींची पूजा झाली न् लवकर सुटी झाली," आबाजी म्हणाले. "मी सायकलीवर पुढं आलो. तो मागनं चालत आला. चाकू पुरा झालेला. त्याला मला घरी आणून द्यायचा होता. पूजेला नव्हता आला तो. दोस्ताकडं आला होता. हितं, अंगणात, त्यानं खिशातनं काढला न् हात पुढं केला."

"मग?"

"तुमची आजी, माझी आई, बसली होती. मी बसलोय, ह्याच जागी. ती काय बोलली नाय. नुसती बघत होती. न् मी म्हणालो, खाली ठेव रं, चाकू हातात घेत नायत."

संध्याने सुटकेचा श्वास सोडला. "मग बरोबरच बोललात की! रीतच आहे ती. आत्ता आई वहिनीला तेच म्हणाली. त्यांना उगाच राग..."

"आमी वर्कशॉपात उघडी पाती एकमेकांच्या हातात द्यायचो," आबाजी म्हणाले. "दिवसाला धा येळा. त्यो आदी हसला, संध्या. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मंग त्यानं आईकडं बघितलं. मंग वाकला. सारवलेल्या जमिनीवर ठेवला न् गेला. दुसऱ्या दिवशी लॉकर रिकामा केला त्यानं. पाळी बदलून घेतली. वर्साभरात वाडी सोडून कुंभिवलीला ऱ्हायला गेला."

"तरी पण," संध्या म्हणाली, "चाकूची रीत ती चाकूची रीत. तुमच्या मनात तसं..."

"मी उचलला."

सगळ्यांनी कमळाकरकडे पाहिलं. तो पाटाकडे बघत होता, पण त्याला पाट दिसत नव्हता.

"मी सहा वर्षांचा होतो. मी अंगणात होतो. चाकू खाली चमकत होता, म्हणून मी धावत जाऊन उचलला." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "उचलला न् तुमच्या हातात दिला, आबा. न् तुमी घेतलात. हातात."

संध्याला बाजू घ्यायला आता काही उरलं नव्हतं. रीत, रीत म्हणून जे काही होतं ते एका सहा वर्षांच्या पोराने तेव्हाच मोडून दाखवलं होतं, आणि घरातल्या एकाही मोठ्याने ते पाहूनही पाहिलं नव्हतं.

कमळाकरने कार्ड आरोहीच्या हातातून घेतलं आणि मागच्या खिशात, घडी पडेल अशा बेताने, कोंबलं.

कुंभिवलीहून स्कूटरवर येताना रामभाऊंची मुलगी उज्वला एकदाही बोलली नव्हती. खालापूरच्या शाळेत ती मुख्याध्यापिका आहे; दिवसभर बोलण्याचं काम. पण सकाळी जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

"बापू, त्यांचा चाकू नीट झाला, कुरिअरने पाठवा. ज्या अंगणातून मान खाली घालून बाहेर आलात तिथे परत कशाला?"

"मान खाली घालून नाय आलो," रामभाऊ म्हणाले होते. "मागं वळून बघत आलो."

याचा अर्थ तिला कळला नव्हता. तिला एवढंच कळत होतं, की गेले पंधरा दिवस तिचे ऐंशीला टेकलेले वडील मागच्या पडवीत कोळशाची शेगडी पेटवून बसत होते. जुनी स्प्रिंग थकली होती. ती बदलायची सोडून त्यांनी तीच तापवली, तेलात विझवली, पुन्हा तापवली. पोलादाला पाणी देणं म्हणतात त्याला. जीभ दातांत धरलेली. तिने आपल्या बापाला असं कधी पाहिलंच नव्हतं. आईने सांगितलं होतं, तुझ्या बापाचे हात सोन्याचे होते, पण उज्वला जन्मायच्या आधीच त्यांनी कानस माळ्यावर टाकली होती. तिला त्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी एकदम वाटल्या. बापू किती सुंदर दिसतात. आणि या आबाजी ठोंबऱ्याने माझ्यापासून काय काय चोरलंय.

फाटकापाशी तिने स्कूटर थांबवली.

"मी आत येणार नाही."

"नको येऊ," रामभाऊ म्हणाले. "हितं ऱ्हा. बघ मातर."

ते आत गेले. पांढरा सदरा, वर खिशात चाकूचा उंचवटा. उज्वलाने फाटकाचा गज धरून ठेवला. ओट्यावर उभी माणसं तिला दिसली: एक जाडजूड मुलगा, दोन बायका, चाकू घेऊन आली होती ती पोरगी, दारात एक म्हातारी. आणि पायऱ्या उतरून अंगणात आलेला, एक हात हलणारा म्हातारा.

"आलास," आबाजी म्हणाले.

"आलो." रामभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "अंगण बदललंस."

"सारवायला कोण हाय आता."

"आई बसायची ती जागा तीच हाय."

"हां. तीच."

रामभाऊंनी खिशातून चाकू काढला. फडक्याची गुंडाळी सोडली. शिसवी मूठ, पितळेच्या तीन खिट्या, आणि एका खिटीजवळ ठोकलेला बारीक आकडा, अठ्ठावीस. मग त्यांनी हात पुढे केलाच नाही. ते वाकायला लागले. एक हात गुडघ्यावर टेकून, कण्हत, हळूहळू, चाकू खाली ठेवायला.

फाटकाचा गज उज्वलाच्या मुठीत करकरला.

"रामभाऊ, थांब!"

"का? रीत हाय ना तुमची."

आबाजी खाली बसले. बसले कसले, कोसळलेच. कमळाकर धावला, पण त्यांनी त्याला दूर सारलं, आणि चाकू टेकणार त्या ठिकाणी जमिनीवर आपला उजवा तळहात उताणा ठेवला. ब्लॉकवर तो हात पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा फडफडत होता.

रामभाऊ तसेच अर्धे वाकलेले राहिले.

"फाटकापाशी गेल्यावर मी वळून बघितलं होतं, आबा."

"बघितलंस?"

"पोरानं उचलला न् तू घेतलास."

"घेतला."

"हातात."

"हातात."

"मंग चाकूचं कारण नव्हतं."

संध्याला वाटलं, आबांनी आता म्हणावं, आईची भीती होती. सगळ्यांना ते पटलं असतं. मेलेल्या माणसावर ढकललेलं सगळ्यांनाच पटतं.

"नव्हतं," आबाजी म्हणाले. "न् आईचं पण नाय. तिनं तोंड उघडलं नव्हतं. मी बोललो. माझ्या तोंडानं."

रामभाऊंनी मान हलवली. समाधानाने म्हणावं तर तसंही नाही. एखादी खिटी बरोबर बसल्यावर फिटर मान हलवतो तशी.

"एवढंच ऐकायचं होतं. फार येळ लावलास. ऊठ."

कमळाकरने बापाला उठवलं. रामभाऊंनी अंगठ्याचं नख खाचेत घालून चाकू उघडला. टक. लाकडाचा. मग चाकू उलटा फिरवून पातं आपल्या तळहातात घेतलं आणि मूठ आबाजींपुढे केली. वर्कशॉपात देतात तशी.

"आबा, हात हलतोय तुमचा," नंदा न राहवून म्हणाली. "त्यांना लागेल!"

रामभाऊंनी तळहात मागे घेतला नाही. आबाजींची बोटं मुठीला लागली, घसरली, पुन्हा लागली. त्या हाताची सगळी थरथर चाकूत उतरली आणि पात्यातून रामभाऊंच्या तळव्यात गेली. उज्वलाने डोळे मिटले. उघडले तेव्हा चाकू आबाजींच्या हातात होता आणि बापूंचा तळवा कोरा होता.

"लई हलतोय तुझा," रामभाऊ म्हणाले.

"तुझा नाय हलला."

"मी फिटर होतो. तू नुसता पगाराचा फिटर."

आबाजी हसले की रडले ते कुणालाच कळलं नाही. ते पायरीकडे वळले, पाटावरच्या रिकाम्या जागेकडे.

"पाटावर नको," रामभाऊ मागून म्हणाले. "बेचाळीस वर्सं हळद लावलीस त्याला. स्प्रिंगमधी अर्धा डबा कुंकू निघालं. मी कांदा फोडायला केला होता रं, देव करायला नाय."

"दादा, तो चार वाजताचा शेठ," संध्या हळूच म्हणाली.

"सांगतो त्याला फोन करून," कमळाकर म्हणाला. "पहिला चाकू कामावर गेला म्हणून."

"मासा पण कामावर गेला म्हण."

"मग काय ऱ्हायलं भिंतीवर लावायला? पाटी?"

कमळाकर कुंपणाकडे गेला. वेलावर नवरात्रातली शेवटची काकडी होती, जाडसर, पिवळट पडलेली. ती त्याने आणली. रामभाऊंनी पायरीवर बसून ती दोन्ही हातांनी धरली आणि आबाजींनी कापली. पातं वाकडं जात होतं. एक फोड बोटाएवढी जाड, दुसरी कागदासारखी.

"ही फोड हाय का उंबरठा?" रामभाऊ म्हणाले.

"खा गुमान."

त्यांनी खाल्ली. मग एक फोड घेऊन ते फाटकापर्यंत गेले आणि गजांवरून पुढे केली. उज्वलाने घेतली. पाय तिने जागचा हलवला नाही. एका दुपारीत सगळं फिटतं, असं तिला वाटत नव्हतं, आणि मलाही वाटत नाही.

"अळणी हाय," रामभाऊ ओट्याकडे वळून म्हणाले. "मीठ असलं तर बघा."

जनाबाई आत गेल्या, वाटी घेऊन आल्या. पायरीवरून उतरल्या, अंगण ओलांडलं. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांना हे अंगण ओलांडता आलं नव्हतं. सासू समोर बसलेली, त्या दारातच राहिल्या. फाटकापाशी येऊन त्या थांबल्या. उज्वलाने वाटी ठेवायला खांबावर जागा केली. तिच्याही घरी मीठ हातात देत नसत.

"तिथं नको. हात कर पुढं," जनाबाई म्हणाल्या.

"भांडण लागेल, काकी."

जनाबाईंनी चिमूटभर मीठ तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली.

"लागू दे. भांडाया तरी येशील."